केन्स टाकीत, मिन्स्की बाहेर: पाण्यावर चालणाऱ्या अर्थयंत्राचं परीक्षण

कुडाळ एमआयडीसीतलं एक लहान फॅब्रिकेशन वर्कशॉप ऑर्डरप्रमाणे पाण्यावर चालणारं अर्थव्यवस्थेचं मॉडेल बनवून देतं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या कॉलेजांच्या अर्थशास्त्र विभागांनी ते घ्यावं का, घेतलं तर काय बदलून घ्यावं, आणि त्यावर काय शिकवता येतं, काय नाही, एवढ्यापुरतं हे परीक्षण. घाईत असाल तर उत्तर असं: घ्या, पण टाक्यांच्या तोंडाशी गोल भोकांऐवजी उभ्या फटीच्या पट्ट्या लावून घ्या, आणि मागणीप्रधान अर्थशास्त्राचा १९५० नंतरचा इतिहास या चौकटीत मावतो असं मुलांना सांगू नका.

मूळ यंत्र बिल फिलिप्स यांचं. न्यूझीलंडचे हे इंजिनिअर दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत होते. नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये (एलएसई) समाजशास्त्र शिकायला आले आणि ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्सच्या समीकरणांशी झगडताना त्यांना ती नळजोडणीसारखी दिसली. क्रॉयडनमधल्या एका गॅरेजमध्ये, लीड्सच्या वॉल्टर न्यूलिन यांच्या मदतीने त्यांनी सुमारे २ मीटर उंचीचं यंत्र उभं केलं आणि नोव्हेंबर १९४९ मध्ये ते प्राध्यापकांसमोर चालवून दाखवलं. पुढे अशी डझनभर यंत्रं बनली. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये एक आहे, वेलिंग्टनला न्यूझीलंडच्या रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयात एक, आणि केंब्रिजमधलं तर आजही चालतं. कुडाळचं मॉडेल त्याच आराखड्यावर बेतलेलं आहे, फक्त आलेख काढणारी पेनं काढून टाकून त्याजागी टाक्यांवर मोजपट्ट्या चिकटवल्या आहेत. हा बदल चांगलाच आहे. पेनाची यंत्रणा पावसाळी दमटपणात पहिल्याच वर्षी अडकली असती.

सांगाडा लोखंडी अँगलचा, पावडर कोटिंग केलेला, ६ फूट उंच. टाक्या ६ मिमी अ‍ॅक्रिलिकच्या, सांधे क्लोरोफॉर्मने जोडलेले. नळ्या १२ मिमी पारदर्शक पीव्हीसी, कॉक पितळी. खाली ५० लिटरची साठवण टाकी, तिच्यात बुडवलेला पंप. पंप पाणी वर चढवतो ते राष्ट्रीय उत्पन्न. खाली येताना आधी एका फाट्याने कर जातो, मग दुसऱ्याने बचत, उरतो तो उपभोग, आणि उपभोगातला एक भाग आयात म्हणून बाजूला वळतो. सरकारी खर्च, गुंतवणूक आणि निर्यात हे तीन कॉक प्रवाहात पाणी परत आणतात. एवढं नीट दिसलं की केन्सच्या १९३६ च्या ‘जनरल थिअरी’तला अर्धा युक्तिवाद मुलांसमोर उभा राहतो: उत्पन्न किती हे नुसत्या बचतीच्या इच्छेवर ठरत नाही, प्रवाहात भर किती पडते आणि गळती किती होते यावर ठरतं.

बसवताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली पाणसळ. चौकट एका बाजूला अर्धा सेंटिमीटर जरी कलली तरी कराच्या फाट्यात ठरल्यापेक्षा जास्त पाणी जातं, आणि मग सगळा हिशेब चुकतो. जुन्या जांभ्याच्या इमारतींतल्या फरश्या क्वचितच सपाट असतात, त्यामुळे पायांना फिरवता येणारे स्क्रू मागून घ्या. साध्या ऑर्डरीत ते येत नाहीत. दुसरी गोष्ट नळ्यांचा उतार. मध्ये कुठे कमान झाली की तिथे हवा धरते आणि प्रवाह गचके खात येतो. नळी जास्त लांब ठेवून गुंडाळी करण्याचा मोह टाळा, मोजून कापा. तिसरी गोष्ट पंप. कूलरच्या पंपावर ‘हेड ६ फूट’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ ६ फुटांवर प्रवाह शून्य असतो, हे दुकानदार सांगत नाही. या यंत्राला ६ फुटांवर मिनिटाला निदान ७ लिटर हवेत, म्हणजे लेबलवर किमान ३ मीटर हेड असलेला पंप हवा. वर्कशॉप बरोबर पंप देतं. पण तो बिघडल्यावर बाजारातून स्वस्तातला आणून बसवला की ‘मंदी’ येते, आणि ती केन्सची नसते.

यंत्रात एकूण ४५ लिटरच पाणी घाला. लाइट गेली की वरच्या सगळ्या टाक्या खाली रिकाम्या होतात. जास्त भरलं असेल तर खालची टाकी ओसंडून पाणी थेट एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत जातं. बोर्ड जमिनीवर नको, भिंतीवर हवा.

आता मुख्य दोष. प्रत्येक टाकीच्या तोंडाशी वर्कशॉपने गोल भोक ठेवलं आहे. गोल भोकातून जाणारा प्रवाह पाण्याच्या उंचीच्या प्रमाणात वाढत नाही, उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो: पाणी ४ पट चढलं तर प्रवाह दुप्पटच होतो. अर्थशास्त्राच्या भाषेत, सीमांत उपभोग प्रवृत्ती (वाढीव उत्पन्नातला जेवढा हिस्सा खर्च होतो तो) उत्पन्नाबरोबर आपोआप बदलत राहते, आणि पाठ्यपुस्तकातला स्थिर गुणक (खर्चात भर पडली की उत्पन्न त्याच्या किती पट वाढतं तो आकडा) कधीच मिळत नाही. मॅन्युअलमध्ये याचा उल्लेखसुद्धा नाही. फिलिप्स यांनी यासाठी आकार दिलेल्या फटी वापरल्या होत्या. उपाय सोपा आहे: भोकाच्या जागी उभी फट असलेली पट्टी, तळाशी रुंद आणि वर अरुंद होत जाणारी. तळापासून १ सेंमीवर फटीची जी रुंदी असेल त्याच्या निम्मी ४ सेंमीवर आणि एक तृतीयांश ९ सेंमीवर, अशी वक्ररेषा लेझर कटिंगवाल्याला द्यायची. अगदी तळाशी ही वक्ररेषा अमर्याद रुंद होऊ पाहते, तिथे सरळ आयत कापावा लागतो, त्यामुळे पहिल्या सेंटिमीटरमधली मापं सोडून द्या. ऑर्डर देतानाच सांगितलं तर वर्कशॉप अशा पट्ट्या बसवून देतं. आधी घेतलेल्यांना नंतर बदलायच्या असतील तर ६ मिमीच्या टाकीवर स्क्रूची भोकं पाडावी लागतात, आणि तिथूनच अ‍ॅक्रिलिक तडकतं.

पट्ट्या बसल्या की पहिला प्रयोग गुणकाचा. प्रमाण सोपं ठेवा. कर उत्पन्नाच्या २० टक्के, उरलेल्यातली बचत २० टक्के, उपभोगातली आयात २५ टक्के. म्हणजे ५ लिटरच्या प्रवाहातून १ लिटर कर, ०.८ बचत, ३.२ उपभोग, त्यातलं ०.८ आयात, आणि देशी मालावर खर्च २.४. भर घालणारे कॉक असे लावा: सरकारी खर्च १.२, गुंतवणूक ०.८, निर्यात ०.६ लिटर मिनिटाला, बेरीज २.६. प्रवाह ५ लिटरवर स्थिरावतो. मग सरकारी खर्चाचा कॉक ०.५ ने उघडा. वरची पातळी लगेच उडी मारत नाही. पहिल्या फेरीत ०.५, दुसरीत ०.२४, तिसरीत ०.११५, चौथीत ०.०५५ अशी चढते आणि ५.९६ च्या आसपास थांबते. चार फेऱ्यांत ९५ टक्के काम झालेलं असतं. रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये मांडलेली हीच बेरीज फळ्यावर अनंत श्रेणी म्हणून लिहिली की मुलं माना डोलावतात आणि विसरतात. इथे पातळी चढताना त्यांना दिसते, आणि प्रत्येक फेरीत चढ का कमी होतो हे ती स्वतःच आयातीच्या नळीकडे बोट दाखवून सांगतात.

याच ठिकाणी हे यंत्र कोकणासाठी विशेष उपयोगी आहे. आयातीचा कॉक २५ वरून ६० टक्क्यांवर न्या. (६० हा आकडा प्रयोगापुरता धरलेला.) गुणक १.९२ वरून १.३४ वर येतो, उत्पन्न ५ लिटरवरून साडेतीनवर, आणि तोच ०.५ चा जादा सरकारी खर्च आता ०.९६ ऐवजी ०.६७ चीच वाढ देतो. कोकणात मुंबईहून, आखातातून पैसा येतो, गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा बाजार भरतो. पण दूध-भाजी कोल्हापूरकडून घाट उतरून येते, सिमेंट-सळई बाहेरून, काजू कारखान्यातला बराचसा कच्चा काजूसुद्धा आफ्रिकेतून. मनीऑर्डरीवर चालणारा प्रदेश म्हणून आपली ओळख जुनी आहे. पैसा इतका येऊनही इथे का फिरत नाही, याचं उत्तर या एका कॉकमध्ये आहे. निर्यातीच्या कॉकवर ‘मनीऑर्डर व पर्यटन’ आणि आयातीच्या कॉकवर ‘घाटमाथा’ असं लेबल लावून वर्ग घेतला तर तास पुरत नाही. एक तांत्रिक सावधगिरी: मनीऑर्डर ही काटेकोर अर्थाने निर्यात नव्हे, ते हस्तांतरण आहे. तिच्यातला जो भाग खर्च होतो तेवढाच भर म्हणून धरायचा.

दुसरा प्रयोग काटकसरीच्या विरोधाभासाचा (सगळ्यांनीच जास्त बचत करायची ठरवली तर उत्पन्नच घटतं), आणि इथे मॅन्युअल चुकलं आहे. त्यात लिहिलंय की बचतीचा कॉक वाढवला तरी एकूण बचत बदलत नाही. हे खरं, पण कर आणि आयात दोन्ही बंद असतील तरच. गुंतवणूक १ लिटर, बचतीचं प्रमाण २० टक्के, बाकी सगळं बंद: उत्पन्न ५, बचत १. प्रमाण ३० टक्के करा: उत्पन्न ३.३३ वर घसरतं आणि बचत पुन्हा १ च. झकास. पण तीनही फाटे चालू असताना तेच केलं तर उत्पन्न ५ वरून ४.४८ वर येतं आणि बचत ०.८० वरून १.०८ वर जाते, म्हणजे वाढते. विद्यार्थी मोजपट्टी वाचून विचारतात, आणि मॅन्युअलवर विसंबलेल्या शिक्षकाची पंचाईत होते.

उत्तर मात्र मॅन्युअलपेक्षा जास्त शिकवणारं आहे. बचत वाढली, पण कर १ वरून ०.९० वर आणि आयात ०.८० वरून ०.६३ वर आली. तिन्ही गळत्यांची बेरीज आधीही २.६ होती, आताही २.६ च आहे, कारण भर तेवढीच आहे. खाजगी क्षेत्राने ०.२८ जास्तीचं साठवलं, त्याच वेळी सरकारची तूट ०.२० वरून ०.३० झाली आणि व्यापारातली तूट ०.२० वरून जवळजवळ मिटली. एकाची शिल्लक म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी तूट. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विन गॉडली यांनी आयुष्यभर हाच मुद्दा लावून धरला, आणि मार्क लाव्वा यांच्याबरोबर २००७ मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला: कुठलाही पैसा कुठून तरी येतो आणि कुठे तरी जातो, हिशेबात भोकं चालत नाहीत. पाण्याच्या यंत्रावर हे शिकवण्यासारखं सोपं दुसरं काही नाही. सरकारी तूट वाढली म्हणजे सरकारने उधळपट्टी केली असं मानणाऱ्या विद्यार्थ्याला ही तीन मापं वाचायला सांगावी. सरकारी खर्चाच्या कॉकला कुणी हातही लावलेला नव्हता.

व्याजदराचा भाग ठीकठाक आहे. बचतीच्या टाकीतली पातळी एका तरंगणीला जोडलेली, तरंगणी दोरीने गुंतवणुकीच्या कॉकला. पातळी चढली की व्याज कमी, गुंतवणूक जास्त. फिलिप्स यांच्या काळी डेनिस रॉबर्टसन यांचा गट म्हणे व्याज कर्जाऊ निधीच्या मागणी-पुरवठ्यावर ठरतं, केन्सचा गट म्हणे रोखता पसंतीवर, म्हणजे लोकांना किती पैसा रोख हाती ठेवायचाय यावर. यंत्रात एक प्रवाह आहे आणि एक साठा, त्यामुळे दोघांनाही आपलं म्हणणं त्यात दिसलं. जॉन हिक्स यांनी १९३७ मध्ये केन्सला दोन छेदणाऱ्या रेषांत बसवलं, त्या आयएस-एलएम आलेखातली (व्याज आणि उत्पन्न यांच्या) आयएस रेषाही या तरंगणीवरून काढता येते: पैशाचा साठा बदलत जा, प्रत्येक वेळी व्याज आणि स्थिर झालेलं उत्पन्न लिहून घ्या. दोरी नायलॉनची द्या, सुती दोरी जुलैत ओलाव्याने लांबी बदलते आणि व्याजदर आपोआप हलतो.

प्रवेगकाची जोडणी वेगळे पैसे देऊन मिळते. उत्पन्न ज्या वेगाने वाढतंय त्यावर गुंतवणूक ठरवणारी ती यंत्रणा. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९३९ मध्ये गुणक आणि प्रवेगक एकत्र केले तेव्हा दाखवलं की सीमांत उपभोग प्रवृत्ती आणि प्रवेगकाचा गुणांक यांचा गुणाकार १ च्या आत असेल तर चढउतार विरत जातात, बाहेर गेला तर वाढत जातात. वर्गात दुसरी स्थिती दाखवायची असेल तर खाली पोतं अंथरा. जोडणी घेण्यासारखी आहे, पण पहिल्या वर्षी नको.

आता यंत्रात काय नाही ते. आम्हाला हाच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण केन्सनंतर मागणीप्रधान विचारांच्या ज्या शाखा फुटल्या त्यांतली जवळजवळ प्रत्येक शाखा या पाण्यात न दिसणाऱ्या एखाद्या गोष्टीवरून फुटली.

सगळ्यात आधी कालेत्स्की. पोलंडच्या मिखाल कालेत्स्की यांनी १९३३ मध्येच, केन्सच्या ग्रंथाआधी, मागणीवर आधारित व्यापारचक्राचा सिद्धांत पोलिश भाषेत मांडला होता. त्यांच्याकडे उत्पन्न हा एकच प्रवाह नाही, मजुरी आणि नफा असे दोन आहेत, आणि दोघांचा खर्च वेगळ्या नियमाने होतो. यंत्रात हे घालता येतं: उत्पन्नाच्या नळीला इंग्रजी ‘वाय’ (Y) आकाराचा फाटा, मजुरीचं पाणी सरळ उपभोगात, नफ्याचं वेगळ्या टाकीत. सरकार आणि व्यापार बंद ठेवा. गुंतवणूक १, मालकांचा उपभोग ठराविक ०.५, नफ्याचा वाटा ३० टक्के. उत्पन्न ५ वर स्थिरावतं, नफा १.५. आता नफ्याचा वाटा ३७.५ टक्के करा. नफा वाढायला हवा ना? नफा १.५ च राहतो आणि उत्पन्न ४ वर येतं. मालकवर्गाला एकूण मिळतं तेवढंच, जेवढं तो स्वतः गुंतवतो आणि खर्च करतो. मजुरी कापून फक्त धंदा आक्रसतो. यासाठी लागतात एक वायचा तुकडा, एक कॉक आणि एक टाकी. वर्कशॉपला सांगून हे करून घ्याच, साध्या मॉडेलमधली ही सगळ्यात मोठी उणीव आहे आणि भरून काढायला सगळ्यात स्वस्त.

बँकेचं मात्र तसं नाही. यंत्रात बचतीची टाकी भरली तरच गुंतवणुकीला पाणी मिळतं. जोन रॉबिन्सन, निकोलस काल्डोर आणि त्यांच्यामागून आलेल्या, केन्सचा वारसा सांगणाऱ्या पोस्ट-केन्सियन मंडळींचा आक्षेप नेमका यावर. (जोनबाईंचा आपल्याकडे एक धागा आहे: त्यांचे पती ऑस्टिन रॉबिन्सन १९२६ ते १९२८ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या बालमहाराजांचे शिक्षक होते आणि त्या काळात दोघं ग्वाल्हेरला राहिले.) बँक कर्ज देते तेव्हा कुणाची तरी ठेव उचलून देत नाही, कर्जदाराच्या खात्यात रक्कम लिहिते आणि ती ठेव त्याच क्षणी जन्माला येते. बेसिल मूर यांनी १९८८ मध्ये यावर पुस्तक लिहिलं, आणि २०१४ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने आपल्या त्रैमासिकात तेच स्पष्टपणे छापलं. पाणी असं जन्माला घालता येत नाही. राखीव टाकीतून गुंतवणुकीच्या नळीला एक वेगळा कॉक जोडून, मुलांना ‘हा बँकेचा कॉक, बचतीची वाट न बघता उघडतो’ असं सांगणं एवढाच उपाय. राखीव टाकी त्यांना दिसू नये म्हणून तिला काळा कागद लावा.

सरकारच्या टाकीतही तीच अडचण. टाकीत साठलेल्या करातूनच खर्च होतो, टाकी रिकामी झाली की कॉक कोरडा. मॅन्युअल याला ‘दिवाळखोरी’ म्हणतं. राज्य सरकारला आणि जिल्हा परिषदेला हे लागू पडतं, त्यांना नोटा छापता येत नाहीत. स्वतःचं चलन असलेल्या केंद्र सरकारला नाही. गंमत म्हणजे अमेरिकेत फिलिप्स यंत्राचा प्रसार करणारे अबा लर्नर यांनीच १९४३ मध्ये ‘कार्यात्मक वित्त’ मांडलं होतं: कर जमा झाला की नाही हे बघून खर्च ठरवू नका, बेकारी आणि महागाई बघून ठरवा. १९९० नंतरच्या आधुनिक चलन सिद्धांताचा एक पाय लर्नरवर आहे. ज्या यंत्राचा त्यांनी पुरस्कार केला त्याच्याच सरकारी टाकीत त्यांचा सिद्धांत बसत नाही. शिकवताना त्या टाकीवर ‘महाराष्ट्र शासन’ असं लेबल लावा, म्हणजे निदान खोटं शिकवलं जाणार नाही.

कर्जातून अस्थैर्य कसं वाढतं हे सांगणाऱ्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिन्स्कीसाठी तर काहीच सोय नाही. पाण्याला थकबाकी नसते. मच्छीमाराचं उदाहरण घ्या. बोटीवर कर्ज आहे, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हंगामाच्या कमाईतून मुद्दल आणि व्याज दोन्ही फिटत असेल तर तो हायमन मिन्स्की यांच्या पहिल्या गटात. व्याज भागतं, पण मुद्दलासाठी दरवर्षी कर्ज फिरवून घ्यावं लागतं तो दुसऱ्या. व्याज भरायलाही नवं कर्ज काढतो तो तिसऱ्या, ज्याला मिन्स्की ‘पॉन्झी’ म्हणतात. चांगले हंगाम लागोपाठ आले की बँकाही सैल होतात आणि लोक पहिल्यातून तिसऱ्याकडे सरकतात. स्थैर्यातूनच अस्थैर्य तयार होतं. २००८ च्या आर्थिक संकटात सगळ्यांना मिन्स्की आठवले. या यंत्रात तीनही बोटींचा खर्चाचा प्रवाह सारखाच दिसेल. हा तास यंत्र बंद करून, फळ्यावर कर्जाचे तीन तक्ते मांडून घ्यायचा.

आणि किमती. टाक्या काठोकाठ भरेपर्यंत यंत्र मागणीच्या मागे धावतं. पुरवठ्याची भिंत कुठेच नाही. केंब्रिजला शिकून आलेले अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ मध्ये लिहिलं की भारतासारख्या देशात केन्सचा गुणक पैशात चालतो, मालात चालत नाही. बेकारी दडलेली आहे, शेतीचा पुरवठा लवकर हलत नाही, त्यामुळे वाढलेली मागणी किमतीत जिरते. जूनमध्ये हापूसची मागणी दुप्पट झाली तरी झाडं पुन्हा मोहरत नाहीत. पण रावांचा युक्तिवादही अर्धाच घ्यावा, कारण मागणीसाठी दिलेली मजुरी पुरवठा वाढवणाऱ्या कामावर खर्च करता येते. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात सुरू केलेल्या रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचं रूप दिलं, आणि १९९० पासून तिला फळबाग लागवड जोडली. कोकणातल्या कातळावर आंबा-काजूची किती कलमं त्यातून उभी राहिली हे इथे कुणाला वेगळं सांगायला नको. मिन्स्की सरकारला ‘शेवटचा मालक’, म्हणजे इतर कुठे काम न मिळणाऱ्याला काम देणारा, बनवायला सांगत होते, त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा जुना प्रयोग आपल्या राज्यातला आहे, आणि यंत्राच्या मॅन्युअलमध्ये अमेरिकेची धरणं छापली आहेत.

महागाईवर फिलिप्स यांनी स्वतः १९५८ मध्ये ब्रिटनच्या १८६१ ते १९५७ च्या आकड्यांवरून मजुरीवाढ आणि बेकारीची प्रसिद्ध वक्ररेषा (बेकारी कमी तर मजुरीवाढ जास्त) काढली; ती या यंत्रातून निघत नाही. फ्रीडमन आणि फेल्प्स यांनी तिच्यावर घेतलेला आक्षेप, सत्तरच्या दशकातल्या तेलाच्या धक्क्यानंतर बेकारी आणि महागाई दोन्ही एकदम वाढणं, १९७६ मधली लुकास यांची टीका, हे सगळं माणसं पुढचा अंदाज बांधून आजच वागणं बदलतात या एका गोष्टीवर उभं आहे. पाणी पुढचा विचार करत नाही. केन्सच्या पुढच्या पिढीतल्या न्यू केन्सियन मंडळींनी लुकास यांची ही अंदाजाची अट मान्य केली आणि तरीही मागणीला महत्त्व का उरतं ते दाखवलं: किमती आणि मजुरी चिकट असतात. काल्वो यांच्या १९८३ च्या मांडणीत दर काळात काहीच दुकानांना भाव बदलायची संधी मिळते. रिझर्व्ह बँकेचं २०१६ पासूनचं ४ टक्क्यांचं, वर-खाली २ टक्के सूट असलेलं महागाईचं लक्ष्य याच घराण्यातलं. या भागासाठी संगणकावरची साधी स्प्रेडशीट यंत्रापेक्षा कितीतरी बरी, आणि फुकट.

जेम्स मीड यांनी एलएसईत यंत्रावर घेतलेला एक खेळ मात्र जरूर उचलावा. एका विद्यार्थ्याला अर्थमंत्री करून त्याच्या हाती कर आणि खर्चाचे कॉक, दुसऱ्याला गव्हर्नर करून पैशाच्या साठ्याचा कॉक. दोघांनी एकमेकांशी न बोलता उत्पन्न ठरलेल्या रेषेवर आणायचं. यंत्राला उशीर असतो, म्हणून दोघंही गरजेपेक्षा जास्त फिरवतात आणि पातळी रेषेच्या वर-खाली हिंदकळत राहते. मग बोलू द्या. फरक मोजपट्टीवर दिसतो.

देखभाल ही खरी डोकेदुखी. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर महिन्याभरात टाक्यांवर तांबूस थर बसतो, म्हणून फिल्टरचं किंवा गाळलेलं पागोळीचं पाणी घ्या. शेवाळ येऊ नये म्हणून ब्लीचिंग टाकलं तर खायचा रंग उडतो. मोरचूद टाकलं तर सांगाड्याचं लोखंड खातं. सरळ उपाय: तास झाला की पाणी काढा, टाक्या सुती फडक्याने पुसा. स्पिरिट किंवा थिनरने अ‍ॅक्रिलिक पुसू नका, त्याला बारीक तडे जातात आणि ते परत जात नाहीत. पावडर कोटिंग जिथे टवकलं असेल तिथे पावसाआधी प्रायमर.

किंमत एका बऱ्या लॅपटॉपएवढी, वाहतूक वेगळी, प्रवेगक वेगळा. एकट्या कॉलेजला जड वाटलं तर दोन-तीन कॉलेजांनी मिळून घ्यावं. सांगाडा दोन तुकड्यांत सुटतो, पिकअपमध्ये मावतो, पण टाक्या आडव्या न ठेवता उभ्याच न्या. ऑर्डरच्या कागदावर उभ्या फटीच्या पट्ट्या, पायांचे स्क्रू, नफा-मजुरीचा फाटा, बँकेचा कॉक आणि ३ मीटर हेडचा जादा पंप हे सगळं लिहून सही घ्या. तोंडी सांगितलं की गोल भोकंच येतात. गणपतीच्या आधी देतो म्हणाले तर दिवाळी धरा.